पर्वतीच्या १०३ पायऱ्या

पुण्यास राहणाऱ्या मनुष्यानें पर्वतीविषयीं कांहीं नवें सांगावें अशी सोय आतां राहिलेली नाहीं. श्रीमंत नानासाहेब पेशव्यांनीं १७४९ सालीं येथें श्रीदेवदेवेश्वराचें देऊळ बांधविलें. पानिपतच्या आघातानें खचलेले तेच नानासाहेब १७६१ च्या जून महिन्यांत याच टेकडीवर निवर्तले. आणि १८१७ च्या नोव्हेंबरांत खडकीची लढाई दुसऱ्या बाजीरावांनीं येथूनच पाहिली, ही हकीगत शाळेंतील मुलेंही सांगतील. परंतु इतिहासाच्या पुस्तकांत न आलेली अशी या टेकडीची एक दुसरी कामगिरी आहे, आणि ती दररोज पहांटेपासून बिनबोभाट चालूं असते. ती म्हणजे पुणेकरांचीं वजनें उतरविण्याची.

पर्वतीच्या पायऱ्या १०३. त्या रुंद, बसक्या आणि पुढच्या अंगास किंचित् कलत्या आहेत. हत्तीला चढतां यावें म्हणून त्या तशा केल्या असें सांगतात. हत्तीच्या सोयीसाठीं बांधलेल्या पायऱ्या आज स्थूल नागरिकांच्या उपयोगीं पडत आहेत, यांत कोणास विनोद वाटल्यास आमची हरकत नाहीं. एवढें मात्र खरें, कीं या पायऱ्यांवर पाऊल फार उंच उचलावें लागत नाहीं, आणि प्रत्येक पायरीवर दोन पावलें टाकून क्षणभर उभें राहण्यास जागा मिळते. ज्या कोणी कारागिरांनीं त्या बसविल्या, त्यांना चढणाराच्या मनाची चांगली पारख असावी.

शाळेंतून निवृत्त झाल्यापासून आम्ही नित्यनेमानें येथें येतों. इतक्या वर्षांच्या अवलोकनावरून येथें येणाऱ्या मंडळींचे आम्हीं तीन वर्ग केले आहेत: देवदर्शनासाठीं येणारे, व्यायामासाठीं येणारे, आणि डॉक्टरांनीं पाठविलेले. पहिला वर्ग घंटेकडे पाहतो, दुसरा मनगटावरील पावलें मोजणाऱ्या यंत्राकडे, आणि तिसरा वर्ग पायथ्याशीं उभा राहून नुसताच वर पाहतो. हीं तिसऱ्या वर्गांतील माणसें सर्वच कांहीं लठ्ठ नसतात. हात-पाय काटकुळे आणि पोट मात्र पुढें, असे गृहस्थ त्यांत पुष्कळ. आपल्या लोकांच्या शरीराचा हा विशेष पुण्यांतील के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं जगापुढें मांडला आहे. २००४ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत त्यांचें व इंग्लंडचे डॉ. युडकिन यांचें छायाचित्र शेजारीं शेजारीं प्रसिद्ध झालें होतें. उंचीच्या मानानें वजनाचा जो अंक काढतात तो दोघांचाही २२·३, तंतोतंत सारखा. परंतु शरीरांतील चरबी युडकिनसाहेबांची शेंकडा ९·१, आणि आपल्या याज्ञिकांची शेंकडा २१·२! तेव्हां आरशांत बारीक दिसणाऱ्या वाचकांनींही हा लेख ओलांडून पुढें जाऊं नये.

२०२३ च्या चैत्रांत या तिसऱ्या वर्गांत आमच्याच घरचें एक माणूस सामील झालें. आमची धाकटी बहीण साताऱ्यास असते. घरांत सर्व तिला माई म्हणतात. त्या वेळीं वय ५८, वजन ८४ किलो, उंची बेताची, उजवा गुडघा दुखरा, आणि दहा वर्षांपासून मधुमेह. पाडव्यानंतर तपासणीसाठीं ती पुण्यास आली, तेव्हां रक्तांतील साखरेची तीन महिन्यांची सरासरी दाखविणारा आंकडा नऊच्या वर गेलेला होता. वजन उतरलें नाहीं आणि साखर आटोक्यांत आली नाहीं, तर इन्सुलिनचीं इंजेक्शनें सुरू करावीं लागतील, असें डॉक्टरीणबाईंनीं स्पष्टच सांगितलें.

येथें आमच्या घरची एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे. आमच्या मातोश्रींचा डावा पाय याच रोगापायीं गुडघ्याखालीं काढावा लागला होता. त्यानंतरचीं चार वर्षें त्यांचें उठणें, बसणें, नहाणें, सर्व कांहीं माईनेंच केलें. या रोगाचा शेवट कोठें होतो हें तिला कोणी समजावून सांगावें असें नव्हतें. तिनें तो स्वतःच्या हातांनीं धुतला-पुसला होता. असें असूनही ती डॉक्टरीणबाईंना अगदीं शांतपणें म्हणाली, “मला सगळं माहीत आहे, बाई. पण माझ्याच्यानं नाहीं व्हायचं.”

हा आळस नव्हे. जिनें चार वर्षें अंथरुणाला खिळलेली आई सांभाळली, २०१९ सालीं यजमान गेल्यावर घराचे सर्व व्यवहार एकटीनें निभावले, तिला आळशी म्हणण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. तिच्या ठिकाणीं ज्ञानाचीही वाण नव्हती आणि भीतीचीही नव्हती. आणि उपदेशक मंडळी तर याच दोन वस्तु घरोघर पुरवीत असतात. वाण होती ती भरंवशाची. पांच वर्षांत तिनें सहा वेळां वजन उतरविण्याचा यत्न केला होता. कधीं लिंबू आणि मध, कधीं एकभुक्त, कधीं पंधरवडाभर नुसत्या काकड्या. दर वेळीं दोन-तीन किलो गेले आणि दर वेळीं ते व्याजासह परत आले. प्रत्येक अपयशागणिक तिच्याविरुद्ध एकेक साक्षीदार वाढत गेला, आणि अखेर तिनें स्वतःच्या मनाच्या न्यायासनावर बसून निकाल देऊन टाकला.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत रोग्याचे चार गुण सांगितले आहेत: स्मृति, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व. म्हणजे स्मरण नीट असणें, सांगितलेलें करणें, भित्रा नसणें, आणि आपलें दुखणें सांगतां येणें. वैद्य, औषध आणि परिचारक यांच्या जोडीनें रोग्यालाही चिकित्सेचा एक पाय मानणारी ही दृष्टि आम्हांला फार मोलाची वाटते. यांतील अभीरुत्व या शब्दापाशीं आम्ही नेहमीं थबकतों. रोगाला न भिणारा तो अभीरु, हा सरळ अर्थ झाला. परंतु रोगाला भिणारीं माणसें पुष्कळदां उपायालाही भितात, आणि तें दुसरें भय अधिक घातक. त्याच सूत्रस्थानांत अतिस्थूल आणि अतिकृश यांचाही विचार आहे, आणि कृशापेक्षां स्थूलाची चिकित्सा अवघड, असा आचार्यांचा अभिप्राय आहे. शें-दीडशें वजनकांटे पाहिलेल्या आधुनिक डॉक्टरांचेंही मत निराळें पडेलसें वाटत नाहीं.

या भरंवशाचा पद्धतशीर अभ्यास ज्यांनीं केला, त्या आल्बर्ट बंडुरा यांचें नांव येथें घेतलें पाहिजे. कॅनडा देशांतील मंडेअर नांवाच्या लहानशा गांवीं १९२५ सालीं जन्मलेले हे विद्वान् पुढें अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत मानसशास्त्राचे अध्यापक झाले, व २०२१ सालीं वारले. १९७७ सालीं त्यांनीं एक निबंध प्रसिद्ध केला. अमुक एक काम आपल्या हातून पार पडेल असा जो मनुष्याचा विश्वास, तोच त्यानें तें काम हातीं घ्यावें कीं नाहीं, किती नेट लावावा, आणि अडथळा आला असतां किती वेळ टिकून राहावें हें ठरवितो, असें त्यांचें प्रतिपादन. सापाला भिणाऱ्या माणसांवर त्यांनीं प्रयोग केले. दुसरा कोणी साप हाताळीत असतां ज्यांनीं तें केवळ पाहिलें, त्यांच्यापेक्षां मार्गदर्शकाच्या सोबतीनें ज्यांनीं एकेक पाऊल पुढें जाऊन स्वतः साप हातीं धरला, त्यांचा भरंवसा अधिक वाढला. आमच्यासारख्या मास्तरांना यांत नवल वाटूं नये. “मला गणित येत नाहीं” म्हणणाऱ्या मुलाला “तुला येतं रे” असें शंभरदां सांगून जें होत नाहीं, तें त्याला सुटेलसें एक उदाहरण घालून, तें त्याच्याच हातून सोडवून घेतल्यानें होतें.

असो. तपासणी करून, हृदयाची खात्री करून घेऊन डॉक्टरीणबाईंनीं माईला चालण्याची व चढण्याची परवानगी दिली, गोळ्यांच्या वेळा बदलल्या, आणि साखर एकाएकीं उतरल्यास असावी म्हणून पिशवींत साखरेची पुडी बाळगण्यास सांगितलें. वजन उतरविण्यास निघालेल्या बाईनें साखर बरोबर घेऊन निघावें याचें तिला मोठें हंसूं आलें.

पहिल्या दिवशीं पायथ्याशीं उभी राहून ती म्हणाली, “दादा, मी इथूनच नमस्कार करतें.” वरून पांचसहा तरुण धांवत खालीं येत होते, उलटे वळून पुन्हां धांवत वर जात होते. अशा मंडळींना पाहून आपल्यालाही स्फूर्ति यावी अशी कल्पना असते. प्रत्यक्षांत माईचा चेहरा आणखीच उतरला. बलवान् मनुष्याचें उदाहरण दुर्बळाच्या कामीं फारसें येत नाहीं, कारण ‘त्याची गोष्ट वेगळी’ असें मन तत्काळ उत्तर देतें. परंतु थोड्याच वेळांत साठी उलटलेल्या एक बाई आल्या. माईहून किंचित् स्थूलच, हातांत काठी, आणि दर दहाबारा पायऱ्यांवर थांबून पदर सांवरीत चाललेल्या. माई त्यांच्याकडे टक लावून पाहूं लागली. दुसऱ्या दिवशीं दोघींचें बोलणें झालें. “पहिला महिना मी विसाव्या पायरीच्या वर गेलें नाहीं हो,” त्या बाई म्हणाल्या. त्या सबंध उन्हाळ्यांत माईच्या उपयोगीं पडलेलें एवढें मोठें वाक्य दुसरें कोणी बोललें नाहीं. घरच्या माणसांची शाबासकी ही प्रेमाची असते, म्हणून ती पुराव्यांत धरली जात नाहीं.

विसावी पायरी ही मर्यादा ठरली. वर पाहावयाचें नाहीं, वीस मोजावयाच्या, बसावयाचें, उतरावयाचें. आठ दिवसांनीं तीस. परंतु तिसाव्या पायरीवर एक निराळीच अडचण उभी राहिली. माईला दम लागला, छातींत धडधड होऊं लागली, आणि तिचे डोळे भरून आले. तिचे यजमान हृदयविकारानें गेलेले. त्यामुळें छातींतील प्रत्येक ठोका तिला मरणाची हांक वाटे. शरीर जें सांगतें त्याचा अर्थ मनच लावीत असतें, आणि तो अर्थ चुकला कीं पाय जागच्या जागीं खिळतात. डॉक्टरीणबाईंनीं यावर एक साधी कसोटी दिली: चढतांना बोलतां आलें पाहिजे; बोलवत नसेल तर थांबावें; थांबल्यावर थोड्या वेळांत श्वास पूर्ववत् झाला तर तो श्रमाचा दम समजावा; छाती दाबल्यासारखी झाली, हातांत किंवा जबड्यांत कळ आली, तर मात्र तडक दवाखाना गांठावा. तेव्हांपासून माई चढतांना मनांत रामरक्षा न म्हणतां मोठ्यानें म्हणूं लागली. श्लोक अडखळला कीं ती थांबे. स्तोत्राचा हा उपयोग बुधकौशिक ऋषींच्या ध्यानींमनींही आला नसेल, परंतु त्यांना तो अप्रिय होईलसें आम्हांस वाटत नाहीं.

वैशाख संपतां संपतां एके दिवशीं ती १०३ वी पायरी चढून देवदेवेश्वरासमोर उभी राहिली. त्या दिवशीं हवा स्वच्छ होती, नैर्ऋत्येस सिंहगडाची रेघ ठळक दिसत होती. तिनें तिकडे बोट करून विचारलें, “तो किती उंच असेल रे, दादा?” चैत्रांत तिनें हा प्रश्न विचारला नसता.

येथें कोणी चिकित्सक वाचक आम्हांस अडवील, कीं पायऱ्यांनीं वजन उतरतें काय? हिशेब करून पाहावा. एक किलो चरबींत सुमारें ७,७०० उष्मांक सांठविलेले असतात. पर्वतीची एक फेरी माईच्या गतीनें केल्यास फार तर दोनशें उष्मांक खर्च व्हावे. म्हणजे केवळ चढण्याच्या जोरावर एक किलो उतरण्यास सुमारें चाळीस दिवस लागणार. शिवाय परतीच्या वाटेवर कढईंतून नुकताच काढलेला एक मोठा बटाटेवडा तेवढे उष्मांक दोन मिनिटांत परत करतो. चढ पाहून भिणारे पुष्कळ. खरी परीक्षा उतारानंतर सुरू होते. आमच्या सकाळच्या मंडळींपैकीं निम्मे लोक ज्या श्रद्धेनें वर जातात, त्याहून दुप्पट श्रद्धेनें खालीं येऊन पोह्यांच्या गाडीभोंवतीं उभे राहतात, हें आम्ही रोज पाहतों.

तेव्हां वजनाचा निकाल पाकघरांत लागावयाचा. आणि बंडुरांच्या सिद्धांताचा जो भाग बहुधा कोणी सांगत नाहीं तो येथेंच उपयोगीं पडतो. हा भरंवसा सरसकट नसतो. तो प्रत्येक कामापुरता, प्रत्येक प्रसंगापुरता निराळा कमवावा लागतो. गड चढण्याचा भरंवसा ताटापुढें आपोआप चालत नाहीं. १९९१ सालीं अमेरिकेंतील कांहीं संशोधकांनीं वजनासंबंधीं एक प्रश्नावली तयार केली. तींत २० प्रश्न असून, अमुक परिस्थितींत खाण्याचा मोह आवरण्याचा आपणांस किती भरंवसा वाटतो, तें प्रत्येकानें स्वतःच शून्य ते नऊ अशा गुणांनीं सांगावयाचें. प्रसंग पांच प्रकारचे: मन खिन्न किंवा संतप्त असतां, पदार्थ समोर विपुल असतां, इतरांचा आग्रह असतां, शरीराला थकवा वा वेदना असतां, आणि दूरचित्रवाणी पाहणें, वाचणें असल्या सुखाच्या उद्योगांत असतां. एकच मनुष्य एका प्रकारांत नऊ गुण घेतो आणि दुसऱ्यांत दोन.

त्या अमेरिकन संशोधकांना आपल्या पंगतीची कल्पना असती, तर आग्रहासाठीं त्यांनीं स्वतंत्र प्रश्नावलीच काढली असती. आपल्या समाजांत नको म्हणणें हें जेवणाराचें कर्तव्य आणि तें न ऐकणें हें वाढणाराचें कर्तव्य मानलेलें आहे. पानावर आडवा धरलेला हात हा नकार नसून आमंत्रणच होय, असें समजणाऱ्या वाढप्यांच्या पिढ्या आम्हीं पाहिल्या. “एवढ्यानं काय होतंय?” हें वाक्य ज्यांनीं प्रथम उच्चारलें, त्यांनीं मधुमेहाचे जितके रोगी निर्माण केले तितके साखर कारखान्यांनींही केले नसतील. आणि २०२३ सालीं तर श्रावण अधिक! जांवयाला तेहतीस अनारशांचें वाण देण्याचा महिना. माईला जांवई एक, आणि अनारसे जमणारे हात घरांत तिचेच. तळतांना पहिला अनारसा जाळी पडली आहे कीं नाहीं तें पाहण्यासाठीं खावा लागतो, हें आमच्या वाचकभगिनींस ठाऊकच आहे. परंतु दुसरा आणि तिसरा कशासाठीं खावा लागतो याचा शास्त्राधार आम्हांस सांपडलेला नाहीं.

माईनें स्वतःला गुण दिले. पंगतींत चार. थकव्यांत सहा. परंतु दुपारीं चार वाजतां घरांत एकटी असतां तिनें शून्य लिहिलें. आम्हीं कारण विचारलें नाहीं, तिनेंच सांगितलें. चार वाजतां यजमान कचेरींतून येत आणि दोघें चहा घेत. ते गेल्यावर चहा राहिला, आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत खारी बिस्किटांचा अर्धा पुडा संपूं लागला. एवढें दिवसाचें सारें पथ्य पाळून त्यावर पाणी पडे तें याच घटकेला. मागच्या सहाही यत्नांत तिनें सबंध आहार बदलला होता, ही एक घटका मात्र कोणत्याही पथ्याच्या कागदावर लिहिलेली नव्हती.

मग विसाव्या पायरीचीच युक्ति येथें लावली. बाकीचें जेवण जसें होतें तसें राहूं दिलें. फक्त चारचा चहा स्वयंपाकघरांत न घेतां गच्चीवर, आमच्या सौभाग्यवतीबरोबर, आणि बिस्किटांऐवजीं मूठभर फुटाणे. तीन आठवडे एवढेंच. तें साधल्यावर रात्रींचा भात निम्मा. त्यानंतर चहांतील साखर. पंगतींत नको म्हणण्याचा अभ्यास तिनें सर्वांत शेवटीं हातीं घेतला, आणि तोही “मला नको” असें न म्हणतां “आतां पुरे, छान झालं आहे” असें म्हणून; कारण पहिल्या वाक्याला आग्रह चिकटतो, दुसऱ्याला चिकटावयास जागा राहत नाहीं. आषाढाअखेर कांटा ८० वर होता. अधिक महिन्यानें तो ८१ केला, नवरात्रापर्यंत तो ७८ वर आला.

भरंवसा जितका मोठा तितकें वजन अधिक उतरेल, असा सोपा त्रैराशिक मात्र कोणी मांडूं नये. आरंभींच्या भरंवशावरून शेवटच्या फळाचें भाकित करूं पाहणाऱ्या संशोधकांचे निष्कर्ष एकमेकांशीं जुळत नाहींत. उपक्रम चालूं असतां जो भरंवसा वाढत जातो त्याचें आणि वजन उतरण्याचें नातें अधिक दिसून येतें. याचा दाखला आम्हांस पर्वतीवरच मिळाला. त्याच चैत्रांत एक निवृत्त गृहस्थ नवे बूट, नवी टोपी अशा थाटांत आले, आणि दोन महिन्यांत पंधरा किलो उतरवून दाखवितों असें त्यांनीं दहा जणांसमक्ष जाहीर केलें. पहिल्या दिवशीं त्यांनीं तीन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या आठवड्यांत गुडघा सुजला, कांटा दीड किलोच हलला, आणि त्यानंतर ते आम्हांस दिसले ते फक्त मंडईंत. त्यांना भरंवसा नव्हता असें म्हणतां येणार नाहीं; परंतु त्याला आधार म्हणून घडून गेलेली एकही गोष्ट त्यांच्या पदरीं नव्हती. याच्या उलट, अमेरिकेंत मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ३,२३४ लोकांवर झालेला आणि २००२ सालीं प्रसिद्ध झालेला मोठा प्रयोग पाहावा. त्यांतील ज्या गटाला राहणी बदलण्यास शिकविलें, त्याला उद्दिष्ट दिलें होतें शेंकडा सात वजन उतरविण्याचें आणि आठवड्यास दीडशें मिनिटें श्रमाचें. एवढ्या बेताच्या उद्दिष्टानेंही त्या गटांत मधुमेह होण्याचें प्रमाण शेंकडा ५८ नें कमी झालें. माईला मधुमेह आधींच जडलेला, म्हणून तो आंकडा तिला जसाच्या तसा लागू नाहीं. परंतु ८४ चे शेंकडा सात म्हणजे सहा किलोही नव्हेत, हें गणित तिला फार आवडलें. सहा हा आंकडा तिच्या आटोक्यांतला होता.

दिवाळीनें मात्र दीड किलोचा अहेर केला. पूर्वीं अशा वेळीं माई ‘आतां गेलंच सगळं’ म्हणून उरलेल्या चकल्यांचा डबाही जवळ ओढीत असे. या खेपेस कांट्यावरून उतरून तिनें स्वेटर चढविला आणि म्हणाली, “पायऱ्या तर अजून एकशें तीनच आहेत ना? चल.”

मार्गशीर्षांत आमच्या पर्वतीच्या मंडळींनीं सिंहगडाचा बेत केला. पुण्यापासून तीसएक किलोमीटरवर हा गड. मोटार वरपर्यंत जाते, परंतु चढणारे लोक पायथ्याच्या आतकरवाडीहून पायवाटेनें जातात. तरुण मुलें तासाभरांत वर जातात. माईला थांबत थांबत पावणेतीन तास लागले. वाटेंत दगडावर बसून तिनें दोनदां गुडघ्याला तेल चोळलें. रामरक्षा किती वेळां झाली तें आम्हीं मोजलें नाहीं. पुणें दरवाजांत शिरतांना तिनें उंबऱ्याला हात लावून तो डोळ्यांना लावला. पुढें तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीचें दर्शन झालें, राजाराममहाराजांच्या समाधीचें झालें, लोकमान्यांचा बंगला पाहून झाला. मग मंडळी स्वभावधर्मानुसार एका झोंपडीवजा खाणावळींत ओळीनें बसली.

सिंहगडावरील पिठलें-भाकरी, कांदाभजीं आणि मडक्यांतलें दहीं यांची कीर्ति सांगण्याची गरज नाहीं. थंडगार वारा, पोटांत कावळे, समोर कढई, आणि भोंवतीं “आज तरी पथ्य नको” म्हणणारे आठ स्नेही; त्या प्रश्नावलींतील विपुलता, थकवा आणि आग्रह असे तीन प्रसंग येथें एकाच चुलीभोंवतीं जमले होते. माईनें अर्धी भाकरी पिठल्याशीं खाल्ली, दहीं खाल्लें. भज्यांची बशी आली. तिनें दोन भजीं अगदीं सावकाश, मिटक्या मारीत खाल्लीं, आणि “छान झालीं आहेत, आतां पुरे” म्हणून बशी आमच्याकडे सरकविली. कोणाचें तिकडे लक्षही गेलें नाहीं. आम्हांस मात्र गड चढण्यापेक्षां हें अधिक अवघड वाटलें, आणि बशींतील उरलेलीं भजीं संपवितांना त्याची खात्रीच पटली.

२०२४ च्या संक्रांतीस ती साताऱ्यास परतली तेव्हां वजन ७७ होतें, साखरेचा आंकडा सातच्या किंचित् वर, आणि गोळ्यांपैकीं एक कमी झालेली. रोग गेला असें कोणी समजूं नये. तो कह्यांत राहिला आहे, इन्सुलिन अद्याप लागलेलें नाहीं, एवढेंच. साताऱ्यांत आतां ती अजिंक्यताऱ्याच्या वाटेवर चार भिंतींपर्यंत जाते. अधूनमधून कांटा एखादा किलो वर चढतो, तेव्हां ती दूरध्वनीवर तें लपवीत नाहीं, सांगते आणि दुसरी गोष्ट बोलूं लागते.

हल्लीं शेजारच्या एक बाई तिच्याबरोबर येऊं लागल्या आहेत. अंगानें जड, नुकताच मधुमेह निघालेला, आणि अर्ध्या वाटेवर एका कठड्यापाशीं आल्या कीं “तुम्ही व्हा पुढें” म्हणून बसकण मारतात. “मग तूं काय करतेस?” असें आम्हीं विचारलें.

“कांहीं नाहीं,” माई म्हणाली. “थोडा वेळ त्यांच्याजवळ बसतें. मग पुढें जाऊन येतें. काल त्या कठड्याच्या पलीकडच्या वडापर्यंत आल्या होत्या.”